बंदोबस्त आणि बिऱ्हाड : भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांकडे पाहण्याच्या दृष्टीचा पुनर्विचार

बीजशब्द : भटके-विमुक्त, वसाहतवादी सत्ता, जमाबंदी, सेटलमेंट, आत्मकथन, स्थैर्य

प्रास्ताविक

मराठीत ‘बंदोबस्त’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. महसूल खात्यात जमिनीची मोजणी करून, प्रत ठरवून, आकार बसविण्याच्या क्रियेला बंदोबस्त म्हणतात. आणि यात्रेत, मोर्चात पोलीस उभे करण्यालाही बंदोबस्तच म्हणतात. हा केवळ भाषेतील योगायोग नव्हे. इंग्रजीतील ‘सेटलमेंट’ या शब्दाचीही स्थिती अशीच आहे. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड व विंगेट यांनी ज्या पद्धतीने जमिनीची पाहणी सुरू केली तिला सेटलमेंट म्हटले गेले. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या तारेच्या कुंपणात ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमाती आणून ठेवल्या गेल्या त्यांनाही सेटलमेंटच म्हटले गेले. सोलापुरात हा शब्द आजही एका वस्तीचे नाव म्हणून जिवंत आहे. जमीन स्थिर करणे आणि माणूस स्थिर करणे ही एकाच राज्यकारभाराची दोन अंगे होती, हे या शब्दांनी मुकाट्याने जपून ठेवले आहे.

भटक्या-विमुक्तांची मराठी आत्मकथने १९८० नंतर प्रकाशित होऊ लागली. त्यांच्यावर परीक्षणे, प्रबंध, चर्चासत्रे विपुल झाली. दारिद्र्य, जातपंचायत, पोलिसांचा छळ, शिक्षणासाठीची धडपड हे या चर्चेचे ठरलेले विषय होत. परंतु या लेखनाकडे पाहताना ज्या मापाने मोजले गेले ते माप कोठून आले, याचा विचार फारसा झाला नाही. भटके जीवन म्हणजे स्थैर्याचा अभाव, आणि आत्मकथन म्हणजे त्या अभावाकडून स्थैर्याकडे झालेला प्रवास, असे गृहीत धरूनच बहुतेक समीक्षा चालते. हे गृहीतक साहित्यशास्त्रातून आलेले नाही. ते महसुलाच्या आणि पोलिसांच्या दप्तरातून आलेले आहे, आणि त्यामुळे या पुस्तकांतील एक मोठा भाग वाचलाच जात नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सरहद्दीवरचा तालुका

साम्राज्य आणि भटके लोक यांच्या संघर्षाचा विषय निघाला की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे मध्य आशियातील गवताळ मैदाने येतात. रशियाच्या झारशाहीने ओरेनबुर्गसारखी ठाणी बांधत कझाख मैदानांत केलेला विस्तार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १८२२ मध्ये स्पेरान्स्की याने सायबेरियातील बिगररशियन प्रजेसाठी जे नियम केले त्यांत लोकांचे तीन वर्ग पाडले होते : बैठे, भटके आणि फिरस्ते. वर्गीकरणाचे तत्त्व धर्म किंवा भाषा नव्हते; माणूस एका जागी किती बसतो, हे होते. १८६८ च्या तात्पुरत्या कायद्याने कझाखांची चराऊ भूमी राज्याच्या मालकीची ठरली. पुढे सोव्हिएत राजवटीत, १९३० नंतरच्या तीन-चार वर्षांत, सक्तीने स्थिर करण्याच्या आणि सामुदायिक शेतीच्या मोहिमेत तेथे जो दुष्काळ पडला त्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली.

दख्खनच्या पठारावर एवढी विस्तीर्ण मैदाने नाहीत, आणि येथे गेलेल्या बळींची तुलना त्या दुष्काळाशी करणे योग्य होणार नाही. तथापि कारभाराचे तर्कशास्त्र मात्र आश्चर्यकारकरीत्या सारखे आहे. ते पाहण्यासाठी शेवगावहून दूर जाण्याची गरज नाही. या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि पलीकडे पैठण. पेशवाई बुडाल्यानंतर १९४७ पर्यंत अलीकडे इंग्रजी अंमल आणि पलीकडे निजामाचा मुलूख, अशी ही सरहद्द होती. नदी ओलांडली की राज्य बदले. शेतकऱ्याला त्याचे विशेष वाटत नसे, कारण त्याचे शेत नदी ओलांडत नाही. गाढवांवर, घोड्यांवर, बैलांवर संसार लादून फिरणाऱ्यांना मात्र ही रेघ दरवर्षी ओलांडावी लागे. आणि पोलिसांच्या दृष्टीने रेघ ओलांडणारा प्रत्येक जण ‘पळालेला’ असू शकत होता.

यातील विरोधाभास असा की, इंग्रजी सत्ता नगरच्या भूमीवर आली तीच भटक्यांच्या पाठीवरून. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याच्या फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या लदाऊ बैलांवर होते. त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो. कारण बैलांचे तांडे वेळेवर आले नाहीत तर तोफा निरुपयोगी होत, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याआधी मोगलांच्या दख्खन मोहिमांनाही याच तांड्यांनी दाणागोटा पुरविला होता. म्हणजे फिरणे हा तेव्हा गुन्हा नव्हता, ती सेवा होती, आणि त्या सेवेचे मोल दोन्ही बाजूंचे सैन्य देत असे.

१८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली. त्याच वर्षी वनकायदा आला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची म्हणून सिद्ध होत नाही ती सरकारची, असे ठरविले. दोन वर्षांच्या आत वाहतूक रेल्वेकडे जाऊ लागली, गवत वनखात्याकडे गेले आणि माळरान सरकारजमा झाले. त्याआधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला होता. १९११ च्या सुधारित कायद्याने तो देशभर नेला आणि मुंबई इलाख्यात त्याची खरी अंमलबजावणी त्यानंतर झाली. मूळ कायद्यातील एक तरतूद येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एखाद्या फिरत्या जमातीला गुन्हेगार ठरविण्यापूर्वी तिचा काही वैध व्यवसाय आहे काय, आणि असल्यास तो खरा की गुन्हा सुलभ व्हावा म्हणून पांघरलेला बुरखा, याबद्दल सरकारने मत द्यायचे होते. याचा अर्थ असा की, टोपल्या विणणारा टोपल्या विणतो एवढ्याने त्याचे निर्दोषत्व सिद्ध होत नसे. श्रम दिसत असूनही श्रमावर विश्वास ठेवायचा नाही, ही दृष्टी कायद्याच्या भाषेत तेव्हा प्रथमच स्थिरावली.

१८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये लोकसंख्येचे प्रकरण शेतकरी, कारागीर, मेंढपाळ अशा वर्गांनी पुढे सरकते. या मालिकेतील एक वर्ग ‘अस्थिर जमाती’ हा आहे, आणि गोंधळी, जोशी यांसारख्यांसाठी ‘भिकारी’ असा वेगळा वर्ग. रात्रभर संबळाच्या ताला‍वर देवीचे आख्यान लावणारा गोंधळी कलावंतांत नव्हे, भिकाऱ्यांत मोजला गेला. (ज्या जिल्ह्याला आता चोंडीच्या धनगर घराण्यात जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आहे त्याच जिल्ह्याचे हे गॅझेटिअर, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) हे ग्रंथ आजही आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत संदर्भ म्हणून दिमाखात उभे आहेत आणि त्यांतील वर्णने शोधप्रबंधांच्या ‘पार्श्वभूमी’ या प्रकरणात निर्वेधपणे उतरविली जातात. तक्रार गॅझेटिअरच्या माहितीबद्दल नाही. ती पुष्कळदा अचूक असते. तक्रार आहे ती वर्गाच्या नावाबद्दल. ‘अस्थिर’ हे विशेषण भूमीवर बसून पाहणाऱ्याचे आहे.

रिकामी झालेली वाडी

आत्मकथनांकडे वळण्यापूर्वी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’कडे (१९५५) पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीतील या श्रेष्ठ कादंबरीत औंध संस्थानाचा एक तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. तो राज्याचा प्रतिनिधी आहे, पण अत्यंत सौम्य प्रतिनिधी. त्याच्या हातात दंडुका नाही, हजेरीपट आहे. तो वाडीवर तालीम उभी करवितो, वाडी त्याला हळूहळू आपला मानते, आणि शेवटी दुष्काळ येतो. माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते, शाळा संपते.

हा शेवट मराठी वाचकाला शोकात्म वाटतो आणि तो तसा आहेही. पण तो कोणाच्या दृष्टीने शोकात्म आहे? निवेदक मास्तराच्या. मेंढरे घेऊन दुसऱ्या मुलखात जाणे हा धनगरांच्या जीवनातील अंत नव्हे, तो जगण्याचा मार्ग आहे. पावसाळा सरला की घाट उतरून कोकणाकडे जाणे, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवून खताच्या बदल्यात धान्य घेणे, उन्हाळा सरताना परत फिरणे : या चक्राला दुष्काळाने दिशा बदलायला लावली, एवढेच. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या देवतांचा अभ्यास करताना रान आणि वसलेला मुलूख यांतील विरोध व परस्परावलंबन हे या संस्कृतीचे सूत्र म्हणून मांडले होते. बिरोबा, म्हसकोबा हे देव या दोन टोकांच्या दरम्यान वावरतात. ‘बनगरवाडी’त मात्र निवेदकाला वाडी दिसते, वाट दिसत नाही. मेंढरे कोठे गेली, तेथे माणसांनी कसे दिवस काढले, हे कादंबरीला ठाऊक नाही, कारण मास्तर त्यांच्याबरोबर गेला नाही.

माडगूळकरांचा मोठेपणा असा की त्यांनी आपल्या निवेदकाचे हे अज्ञान लपविलेले नाही. आनंदा रामोशी हे पात्र त्याची साक्ष देते. रामोशी ही कायद्याने संशयित ठरविलेली जमात. आनंदाच्या चोरीला कादंबरीत नैतिक आक्रोश नाही, कुतूहल आहे आणि जिव्हाळाही आहे. पोलिसी नोंदीत जे एका ओळीत संपले असते त्याला येथे चेहरा मिळतो. तरीही हजेरीपट हातात असलेल्याने पाहिलेले हे जग आहे, ही मर्यादा उरतेच. समीक्षेने ही मर्यादा कादंबरीचा दोष म्हणून नव्हे, तिची जागा म्हणून ओळखायला हवी होती. तसे झाले असते तर १९८० नंतरच्या पुस्तकांकडे वाचक अधिक सज्ज होऊन गेला असता.

शीर्षकांची साक्ष

दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) दलित आत्मकथनाचा मार्ग मोकळा केला आणि त्यानंतरची सर्व आत्मकथने त्याच पंक्तीत बसविण्याची प्रथा पडली. सोयीसाठी ते ठीक. पण शीर्षकेच पाहिली तर भेद डोळ्यांत भरतो. बलुते हा गावातील वाटा आहे. तो अपमानाचा असेल, उष्ट्याचा असेल, पण तो वाटा आहे. महारवाडा गावकुसाबाहेर असला तरी तो त्या गावाचाच महारवाडा आहे. लक्ष्मण माने यांच्या पुस्तकाचे नाव ‘उपरा’ (१९८०). उपऱ्याला कुसाच्या आतही जागा नाही आणि बाहेरही नाही. गावाने अन्याय करावा एवढे देखील नाते गावाशी नाही.

आता या नावाकडे जरा अधिक निरखून पाहू. ‘उपरा’ हा शब्द कैकाड्याचा नाही. कोणीही माणूस स्वतःच्या बिऱ्हाडात उपरा नसतो. जो आधीपासून बसला आहे तोच येणाऱ्याला उपरा म्हणतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’चे (१९८७) तसेच. पाथरुट, टकारी, भामटा, उचल्या अशी एकाच लोकसमूहाची निरनिराळ्या भागांतील नावे आहेत. टकारी म्हणजे जात्याला टाकी लावणारा. हे नाव कामावरून पडले. उचल्या आणि भामटा ही नावे संशयावरून पडली. महाराष्ट्र शासनाच्या चौदा विमुक्त जातींच्या यादीत मुख्य नोंद ‘भामटा’ ही आहे, आणि टकारी हे तिच्या पोटातील एक नाव आहे. कामाचे नाव पोटात गेले आणि संशयाचे नाव वर आले.

दोन्ही लेखकांनी बसलेल्यांचा शब्द आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर का घेतला? शिवी उलटवून तिलाच ओळख बनविण्याची ही युक्ती आहे, हे उत्तर बरोबर आहे आणि अपुरेही आहे. दोन्ही पुस्तके, साहित्य अकादमीचा पुरस्कार (अनुक्रमे १९८१ आणि १९८८) मिळविणारी, मुख्यतः बसलेल्या समाजाला उद्देशून लिहिलेली आहेत. न्यायालयात साक्षीदार ज्याप्रमाणे आरोपपत्राच्या भाषेतच उत्तर देतो त्याप्रमाणे ती सत्तेच्या शब्दाला सत्तेच्या शब्दातच उत्तर देतात.

‘उचल्या’त हे विशेष जाणवते. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर १९०८ मध्ये एक पुस्तक लिहिले. जमातवार प्रकरणे, वेश, भाषा, सवयी, गुन्ह्याची रीत, असा त्याचा रोख आहे. पोलिसाने माणूस ओळखावा हा हेतू. गायकवाडांच्या पुस्तकातही खिसा कापण्याचे शिक्षण, त्यातील हातचलाखी, पकडल्यावर मार सोसण्याची तयारी यांचे तपशील आहेत. दोन्हींतील माहिती कधीकधी एकमेकींच्या अगदी जवळ येते. फरक एवढाच की, केनेडीच्या पुस्तकात या तपशिलांना भूक नाही. तेथे चोरी ही जातीची रीत आहे. ‘उचल्या’त ती घरात दाणा नसण्याचा परिणाम आहे, आणि पोलीस चोरीच्या नंतर येत नाही, तो चोरीच्या उत्पन्नातील वाटेकरी म्हणूनही येतो. पोलीस पुस्तिकेचीच सामग्री घेऊन गायकवाडांनी तिचे कर्तृपद बदलले. मराठी गद्यातील ही अत्यंत धीट कृती होय, आणि तिची दखल ‘अनुभवाची दाहकता’ या गुळगुळीत शब्दप्रयोगाने घेणे म्हणजे ती न घेण्यासारखेच आहे.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) हजेरीच्या जाचाविरुद्ध बंड आहे. ‘उचल्या’त बंडाची ती उंची नाही, तेथे हजेरी ही आजोबांच्या पिढीची घरगुती आठवण आहे. सत्ता इतकी जवळ आली की तिच्याविरुद्ध वीरकथा रचता येत नाही. मुलगा शाळेत गेला म्हणून वस्तीतील मुले आजारी पडली, असे मानणारी माणसे या पुस्तकात आहेत. पुरोगामी वाचक येथे अंधश्रद्धेवर बोट ठेवतो. परंतु ज्या समाजात सरकारच्या वहीत नाव लागणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हजेरी, पास आणि कोठडी होती, त्या समाजाने शाळेच्या पटावर नाव लागण्याला भ्यावे, यात केवळ अज्ञान पाहणे हे वाचनाचे दारिद्र्य आहे. हजेरीपट आणि हजेरी यांतील भेद बाहेरून दिसतो तेवढा आतून दिसत नसावा.

मराठीत आणखी एक धागा आहे आणि तो तुलनेने दुर्लक्षित आहे. दादासाहेब मोरे यांच्या आत्मकथनाचे नाव ‘गबाळ’. आत्माराम राठोड यांच्या पुस्तकाचे नाव ‘तांडा’. विमल मोरे यांच्या आत्मकथनाचे नाव ‘तीन दगडांची चूल’. ही नावे बसलेल्यांनी दिलेली नाहीत. गबाळ म्हणजे घोड्यावर लादायचे बिऱ्हाडाचे सामान. प्रमाण मराठीत ‘गबाळा’ म्हणजे अव्यवस्थित, पण कुडमुडे जोशाच्या संसारात गबाळ ही व्यवस्था आहे. काय खाली, काय वर, पोर कोठे, कोंबडी कोठे, पालाची काठी कोणत्या बाजूला, हे ठरलेले असल्याखेरीज रोज मुक्काम हलत नाही. तीन दगड तर कोणत्याही माळावर मिळतात. चूल बरोबर न्यावी लागत नाही, ती पोहोचल्यावर मांडली जाते. स्थिर घराच्या वाचकाला हे दारिद्र्याचे चिन्ह दिसते. पुस्तकांत ते दारिद्र्याचे आहेच, पण त्याबरोबर ते ज्ञानाचेही आहे : कोणत्या गावचा पाटील राहू देतो, कोणत्या ओढ्याला मार्गशीर्षात पाणी असते, कोणत्या यात्रेला कोण भेटते. या ज्ञानाचा नकाशा सर्व्हे नंबरांच्या नकाशात सामावत नाही.

विशेषतः ‘तीन दगडांची चूल’ या पुस्तकाने स्त्रीच्या बाजूने हे जग दाखविले आहे. पुरुषांच्या आत्मकथनांत वाट ही पोलीस आणि पाटील यांच्यामधून जाते. येथे ती पाणी, सरपण आणि आडोसा यांच्यामधून जाते. बाईला मुक्काम म्हणजे आधी आडोसा. सत्तेचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा तपशील किरकोळ वाटेल. वाटू दे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

वरील विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. भटकेपणाचे गौरवीकरण करणे ही पगारदार, पक्क्या घरात राहणाऱ्या अभ्यासकाची चैन आहे. लक्ष्मण माने, लक्ष्मण गायकवाड, दादासाहेब मोरे या सर्वांना शाळा हवी होती, घर हवे होते, रेशनकार्ड हवे होते. ‘उपरा’तील बाप मुलाला शाळेत घालण्यासाठी जिवाचे रान करतो, त्याला फिरण्याचे कौतुक नाही. ‘गबाळ’मध्ये वाटच शिक्षणाच्या आड येते. लातूरच्या सूतगिरणीत काम मिळणे हा ‘उचल्या’च्या नायकाला पराभव वाटत नाही. मग टीकाकाराने कोणत्या अधिकाराने स्थैर्याच्या मापाला नाकारावे?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पण त्यातूनच या पुस्तकांचा गाभा हाती लागतो. ती दुभंगलेली पुस्तके आहेत. लेखकाला घर हवे आहे, आणि घर देणारी संस्था तीच आहे जिने त्याच्या आजोबांना कुंपणात ठेवले. सोलापूरच्या सेटलमेंटमधील माणसांना गिरणीत काम मिळत होते, पोरांना शाळा होती. आणि भोवती तार होती. ‘उपरा’चा नायक आंतरजातीय विवाह करतो तेव्हा त्याला जातपंचायतीने छळले, म्हणजे वाटेवरच्या समाजाचे स्वतःचे न्यायालयही निर्दोष नव्हते. स्थैर्य की वाट, असा सरळ निवाडा या पुस्तकांतून निघत नाही. समीक्षेने तो निवाडा आधीच स्थैर्याच्या बाजूने देऊन टाकला आणि दुभंग वाचला नाही. परिणामी या आत्मकथनांचा उत्तरार्ध, म्हणजे शिक्षण, नोकरी, चळवळ, हा ‘यशा’चा भाग मानला जातो, पूर्वार्ध ‘वेदने’चा, आणि कलादृष्ट्या पूर्वार्ध सरस, उत्तरार्ध सपाट, असे मत सर्रास दिले जाते. उत्तरार्ध सपाट का होतो, हे मात्र विचारले जात नाही. वाट संपली की त्या जगाचे शब्दही थांबतात. नायकाच्या हाती अर्जाची, ठरावाची, निवेदनाची भाषा येते. ही भाषा त्याला न्याय मिळवून देईल कदाचित, पण तीत ओढ्याचे नाव येत नाही. सपाटपणा हा लेखकाच्या प्रतिभेचा दोष नसून त्याने मोजलेली किंमत आहे.

ही किंमत अद्याप फिटलेली नाही. गुन्हेगार जमाती कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये देशभर रद्द झाला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने २०१८ मध्ये आपले अहवाल दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतील जातिभेद घटनाबाह्य ठरविताना विमुक्त जमातींवरील जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का तुरुंगाच्या नियमांत कसा टिकून राहिला याची दखल घेतली. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत, ही विभागणी दशकानुदशके चालत आली. ज्यांना ठाव नाही त्यांची जात ठावावरून ठरली. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. ज्याच्या पूर्वजांना सरकारने ‘अस्थिर’ या सदरात नोंदले, त्याच्याकडूनच त्याच पूर्वजांच्या स्थिर वास्तव्याचा कागद मागितला जातो. पन्नास वर्षे वाटेवर काढलेल्या आजोबांचा रहिवास कोणत्या तलाठ्याने लिहून द्यावा? आपल्या वर्गात बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती या एका प्रश्नावर अडते, हे प्राध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

शेवगावपासून जवळच, पाथर्डी तालुक्यात, मढी आहे. तेथील कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. गाढवांचा बाजार भरतो. गोपाळ, वैदू, कैकाडी, कोल्हाटी, भिल्ल, किती तरी समाज येथे येत आणि त्यांच्या जातपंचायती येथे बसत. सोयरिकी ठरत, भांडणे मिटत, दंड होत. पंचायतीच्या निवाड्यांत बायकांवर झालेला अन्याय आणि बहिष्कृत कुटुंबांची झालेली ससेहोलपट हीही या यात्रेचीच बाजू आहे, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्रात करावा लागला तो उगाच नव्हे. पण साहित्याच्या अभ्यासकाने मढीकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. वर्षभर विखुरलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका ठरलेल्या तिथीला एका ठरलेल्या टेकडीखाली उतरत आली. त्यांचा पत्ता जागेने नव्हे, काळाने दिलेला होता : फाल्गुनात मढी. कोणाला निरोप द्यायचा असेल, देणे वसूल करायचे असेल, हरवलेला भाऊ शोधायचा असेल, तर फाल्गुनात तेथे जावे, तो सापडत असे. भटक्यांच्या आत्मकथनांत यात्रांचे जे उल्लेख पुनःपुन्हा येतात ते रंगीत पार्श्वभूमी म्हणून वाचले गेले आहेत. ते पत्ते आहेत. तहसील कार्यालयाच्या अर्जात मात्र ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा एवढेच लिहिता येते.